भंगारातलं हीटसिंक आणि आपल्या जिल्ह्यातला कॉम्प्युटर

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. विषयही थोडाफार चहाचाच आहे.

मागच्या आठवड्यात यवतमाळात एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो होतो. काम यूपीएसचं होतं, पण नजर गेली कोपऱ्यातल्या खताच्या जुन्या पोत्याकडे. पोतं तोंडापर्यंत भरलेलं. आत ॲल्युमिनियमची गोल चक्रं, सूर्यफुलासारखी पाकळ्या फुटलेली. काहींच्या मध्यभागी तांब्याचा ठोकळा, तर काही चौकोनी, कंगव्यासारखी. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरून काढलेले हीटसिंक होते ते.

काका म्हणाले, "वीस वर्षाचा माल हाय. भंगारवाला किलोनं मांगते, पण मी देत नाही."

का देत नाहीत, ते पुढे येईलच. आधी पोत्याबद्दल. काकांना विचारून मी ते जमिनीवर पालथं केलं आणि तासभर निवडत बसलो. आपल्याकडे विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग खडक. या पोत्यातही तसेच थर होते. आपल्या जिल्ह्यात कॉम्प्युटर कधी आला, कुठून आला, का तापला आणि का टाकून दिला गेला, हे सगळं त्या ढिगात दिसत होतं. आपल्याकडे हा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून जमेल तसा लिहितो.

हीटसिंक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपले आजोबा कपातला चहा बशीत का ओतायचे? चहा तेवढाच, पण बशीत तो पसरतो, जास्त हवेला लागतो आणि लवकर निवतो. वरून फुंकर मारली की आणखी लवकर. हीटसिंक ही ॲल्युमिनियमची बशी आहे आणि वरचा पंखा म्हणजे फुंकर. प्रोसेसरमध्ये नखाएवढ्या चिपवर उष्णता तयार होते. ती धातूत शिरते, पातळ पात्यांमध्ये पसरते आणि पंख्याची हवा ती घेऊन जाते. राजदूत किंवा बुलेटच्या इंजिनाला ज्या पट्ट्या असतात त्याही याचसाठी.

फक्त एक अडचण असते. दोन धातू कितीही सपाट केले तरी भिंगाखाली ते नांगरलेल्या वावरासारखे दिसतात, सरी आणि वरंबा. एकावर एक ठेवले की मधल्या सऱ्यांमध्ये हवा अडकते, आणि हवेतून उष्णता फार कमी जाते. ती फट भरायला पांढरी किंवा राखाडी पेस्ट लावतात. ही पेस्ट लक्षात ठेवा, तिने माझा एक प्रोसेसर खाल्ला आहे.

आता थर.

सगळ्यात खालचा थर पोत्यात नव्हताच, कारण सुरुवातीच्या पीसींना हीटसिंक लागतच नव्हता. मोठ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक सुरू झाला तेव्हा त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. म्हणजे एका खोलीत २,७०० छोट्या शेगड्या, आणि सगळी खोलीच थंड ठेवायची. पुढे अमेरिकेत क्रे कंपनीने महासंगणक केला तर तो फ्रिजसारखा फ्रिऑन वायू फिरवून थंड करावा लागे. भारताला हवा तसा क्रे मिळाला नाही, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये परम ८००० आला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. ही गोष्ट वऱ्हाडातल्या शाळांमध्ये जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही, असं माझं मत आहे.

टेबलावरचा पीसी मात्र गरीब होता. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला ८०८८ प्रोसेसर एक-दोन वॅट खायचा. हात लावला तर कोमट. २८६, ३८६ पर्यंत चिप उघडीच असायची, वर फक्त नाव छापलेलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशभरातल्या जिल्हाधिकारी कार्यालयांमध्ये एनआयसीची केंद्रं आली, ती याच पिढीच्या यंत्रांवर. खोलीला एसी, दाराबाहेर चपला काढायच्या, आत जाताना आवाज खाली. चपला काढायच्या त्या धुळीसाठी, पण लोकांना वाटायचं आत देव बसला आहे.

पोत्यातला सगळ्यात जुना तुकडा होता ४८६ वरचा. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, ठेंगणे खांब असलेला. ४८६ची ६६ मेगाहर्ट्झवाली आवृत्ती १९९२ मध्ये आली आणि तेव्हापासून डोक्यावर धातू बसवायची पद्धत पडली. १९९३ चा पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या घरात गेला. त्याला धातू पुरेना, पंखाही आला. यवतमाळात तेव्हा पीसी कुठे होते? काही बँकांत, काही छापखान्यांत डीटीपीला, एखाद्या सीएच्या कार्यालयात. घरात नाहीच.

मग आलं २००१. त्या वर्षी एमकेसीएल सुरू झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी कोर्स आला. सरकारी नोकरीला हे प्रमाणपत्र लागू लागलं आणि मुलं, मास्तर, कारकून, तलाठी सगळे माउस धरायला शिकू लागले. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा, बघता बघता तालुक्याच्या गावी सेंटरचे फलक लागले. दहा बाय बाराची खोली, सहा-आठ कॉम्प्युटर, वर पत्रा. माझ्या पिढीतल्या किती जणांनी कॉम्प्युटरला पहिला हात अशाच खोलीत लावला असेल! काकांच्या पोत्यातला सगळ्यात मोठा थर याच काळातला आहे. पेंटियम ३, सेलेरॉन, एएमडीचे ॲथलॉन आणि ढिगाने पेंटियम ४.

पेंटियम ४ वर थोडं थांबू, कारण आपल्या उन्हाळ्याची आणि त्याची गाठ पडली तिथे खरी गंमत आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांची मेगाहर्ट्झची शर्यत लागली होती. आकडा मोठा तो कॉम्प्युटर चांगला, असं दुकानदार सांगायचे आणि आपण ऐकायचो. पण आकडा वाढला की उष्णताही वाढते. इंटेलचेच पॅट गेल्सिंगर यांनी २००१ च्या फेब्रुवारीत एका परिषदेत इशारा दिला होता की हे असंच चाललं तर चिपवर दर चौरस सेंटिमीटरला अणुभट्टीएवढी, मग रॉकेटच्या नळीएवढी उष्णता येईल. त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक प्रयोग दाखवला. चालू कॉम्प्युटरवरून हीटसिंक उचलायचा आणि काय होतं ते बघायचं. ॲथलॉन क्षणात धूर काढून मेला. पेंटियम ३ थांबून गेला. पेंटियम ४ मात्र स्वतःला हळू करून रडतखडत चालू राहिला, कारण त्याच्या पोटात तापमान बघून वेग कमी करायची सोय होती.

२००४ मध्ये प्रेसकॉट नावाचा पेंटियम ४ आला. त्याची वरची मॉडेल ११५ वॅटपर्यंत गेली, आणि चिप जेमतेम एक चौरस सेंटिमीटरपेक्षा थोडी मोठी. आपली हजार वॅटची इस्त्री तिचा सगळा ताप दोनेकशे चौरस सेंटिमीटर पत्र्यावर पसरते, म्हणजे दर सेंटिमीटरला पाचेक वॅट. हा प्रोसेसर त्याच्या वीसपट. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने पुढचा टेजस प्रोसेसर बनवायचंच रद्द केलं. शर्यत उष्णतेने संपवली. पुढे एकाऐवजी दोन मेंदू शेजारी बसवून कमी वेगाने चालवायची पद्धत आली आणि २००६ चा कोअर टू डुओ ६५ वॅटवर उतरला.

हे सगळं तिकडे. आता आपल्याकडे या.

इंटेल डब्यासोबत जो पंखा-हीटसिंक द्यायचं, त्याच्या तांत्रिक कागदांत एक अट असायची. पंख्यात शिरणारी हवा ३८ अंशांच्या खाली असावी. लक्षात घ्या, ही कॅबिनेटच्या आतली हवा. बाहेरची खोली त्याहून पाच-सात अंश थंड असेल, हे त्यात धरलेलं. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल, ते सांगायला नको. साधं गणित करू. समजा हीटसिंक दर वॅटमागे ०.३५ अंश चढतो आणि प्रोसेसर ८० वॅट खातो. म्हणजे हवेपेक्षा २८ अंश वर. हवा ३८ असेल तर प्रोसेसर ६६ वर, ठीक. हवा ४८ असेल तर ७६ वर. आणि त्या काळच्या बऱ्याच पेंटियम ४ ची मर्यादा सत्तरच्या आसपास.

म्हणजे उन्हाळ्यात आपल्या गावात विकलेला कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून त्याच्या कागदावरच्या अटीबाहेर चालत होता. दुपारी दोन ते पाच "हँग होते, हळू चालते" म्हणून पोरं मॉनिटरला टपल्या मारायची. सेंटरवाले म्हणायचे व्हायरस आहे. व्हायरस कसला, यवतमाळचा उन्हाळा होता तो. प्रोसेसर जीव वाचवायला हळू होत होता.

वरून लोडशेडिंग. वीज गेली की पंखा बंद, आली की सगळं एकदम सुरू. आणि तिसरी गोष्ट आपली खास. काकांनी सांगितल्यावर मला पटली. पोत्यातले दोन-तीन हीटसिंक त्यांनी न झाडता तसेच ठेवले होते. पात्यांच्या मध्ये पांढरा नमदा बसलेला. बोटाने ओढला तर रुईसारखा अखंड निघाला.

"हे जिनिंगच्या बाजूच्या दुकानातले हाय," काका म्हणाले. "दिवाळीनंतर कापूस आला का हे भरलेच समज."

कापसाचा जिल्हा आपला. पांढरं सोनं कॉम्प्युटरच्या नाकात जाऊन बसलं होतं.

आता काढण्याची गोष्ट. ही माझी स्वतःची फजिती आहे, दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

घरचा पेंटियम ४ मी २००८ च्या सुमारास स्वतः साफ करायला घेतला. ४७८ पिनांचा सॉकेट. वर पंखा, पंख्याला दोन पांढऱ्या खिट्ट्या, चार कोपऱ्यांत चार आकडे. खिट्ट्या उलट फिरवल्या, आकडे सोडवले, आणि हीटसिंक सरळ वर ओढला. निघेना. आणखी जोर लावला. कट्ट आवाज आला आणि हातात हीटसिंक आला, त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही आला. सॉकेटची दांडी बंदच होती. त्या सॉकेटची अडचण अशी की दांडी उचलल्याशिवाय प्रोसेसर सुटत नाही, आणि हीटसिंक वर असेपर्यंत दांडी उचलता येत नाही. पाच-सहा वर्षांत पेस्ट वाळून सिमेंट झालेली, तिची पकड सॉकेटच्या पकडीपेक्षा जास्त. अर्ध्या पिना आडव्या.

प्रोसेसर रुमालात गुंडाळून याच काकांकडे गेलो. त्यांनी आधी एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. मग पेनपेन्सिल घेतली, आतली लीड काढली आणि तिच्या नळीत एकेक पीन घालून सरळ केली. दोन पिना मोडल्या. तो प्रोसेसर गेला.

तेव्हा ते म्हणाले होते, "ओढू नोको रे बाबू. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालू ठेव, गरम होऊ दे. मंग बंद कर, वायर काढ, अन् बरणीच्या झाकणासारखा हलकेच इकडून तिकडून फिरव. पेस्ट मऊ झाली का आपोआप सोडते."

ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. बोर्ड बंद पडला असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने ऊब द्या. मे महिन्यात आपल्याकडे दहा मिनिटं उन्हात ठेवला तरी भागेल, हे मी अर्धं गमतीत सांगतो आहे.

त्याआधीच्या पेंटियम ३ आणि ॲथलॉनच्या सॉकेटवर स्टीलची एक ताठ पट्टी असते. ती पेचकसाने दाबून आकड्यातून सोडवायची. पेचकस सटकला की खालच्या बोर्डवरच्या बारीक रेषा कापल्या जातात आणि बोर्ड मेला. ॲथलॉनची चिप तर वर उघडी असायची, हीटसिंक तिरपा टेकला तरी कोपरा उडायचा. कोपरा उडालेले ॲथलॉन काकांनी एका डबीत जपून ठेवले आहेत, शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला.

२००४ नंतरच्या ७७५ सॉकेटवर चार प्लास्टिकच्या खुंट्या आल्या. डोक्यावर बाण असतो, त्या दिशेने पाव वळसा फिरवायचा आणि वर ओढायचं. इथे पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात आणि वर लोखंडी चौकट असते, त्यामुळे माझ्यासारखी फजिती होत नाही. पण खुंट्या जुन्या झाल्या की ठिसूळ होतात, आणि एक तुटली की हीटसिंक एका बाजूने उचलला जातो. जुनी पेस्ट सुरीने खरवडू नका. जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने काढा आणि आयपीए लावलेल्या कापडाने पुसा. परत बसवायचा असेल तर नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी बस्स. पोळीवर तूप लावल्यासारखी नाही.

आता पोतं काका का विकत नाहीत ते.

दुसऱ्या प्रोसेसरवर लावायला? ते फार कमी वेळा जमतं. ७७५ च्या बोर्डवर दोन भोकांत ७२ मिलिमीटर अंतर, त्यानंतरच्या ११५५, ११५० सॉकेटवर ७५. फरक तीन मिलिमीटरचा, पण बसत नाही म्हणजे नाही. दिसायला सख्खे भाऊ. कंपनीला हे टाळता आलं नसतं का, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

खरा उपयोग दुसरीकडे आहे. आपल्याकडे कापूस-तुरीच्या वावरात रोही आणि रानडुकरांसाठी रात्री जागल करावी लागते. बारा व्होल्टची बॅटरी, सोलरची छोटी पाटी आणि दहा वॅटचा एलईडी. हा एलईडी नुसत्या पत्र्यावर चिकटवला तर काही महिन्यांत अंधुक होतो, कारण एलईडीलाही उष्णता चालत नाही. पेंटियम ४ चा हीटसिंक त्याच्या पाठीला लावला की तो टिकतो. काकांनी असे कितीतरी दिवे करून दिले आहेत. एक पथ्य मात्र पाळायचं. हे हीटसिंक पंख्यासाठी बनलेले आहेत, पाती फार दाट असतात. पंखा काढला की दाट पात्यांमधून हवा आपोआप फिरत नाही. पंख्यासह ऐंशी-नव्वद वॅट झेपणारा तुकडा पंख्याशिवाय दहा-पंधरा वॅटच धरायचा, आणि पाती उभी राहतील असा टांगायचा. बोट टेकवून पाच सेकंद ठेवता आलं नाही, तर एलईडी मोठा झाला असं समजा.

दुसरा उपयोग ॲम्प्लिफायरचा. यवतमाळचा दुर्गोत्सव बाहेरच्यांना सांगायला लागतो, तुम्हाला नाही. नऊ दिवस मंडळांचे ॲम्प्लिफायर तापतात आणि आतला आयसी किंवा ट्रान्झिस्टर उडतो. तिथे तांब्याच्या ठोकळ्याचा हीटसिंक सोन्यासारखा. पण इथेच नवखे फसतात. २एन३०५५ सारख्या ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग म्हणजेच त्याचा कलेक्टर. टीडीए २०३० चं पातं आतून उणे पुरवठ्याला जोडलेलं असतं. तसाच हीटसिंकवर स्क्रूने कसला आणि हीटसिंक डब्याला टेकला की शॉर्ट. मध्ये अभ्रकाचा पापुद्रा आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशी हवीच. भोक पाडताना मधल्या तांब्यात ड्रिल घालू नका, तांबं चिवट असतं, बिट धरून ठेवतं आणि मोडतं.

सुटा पंखाही वाया जात नाही. बारा व्होल्टचा आहे, सोलर चार्ज कंट्रोलर किंवा इन्व्हर्टरच्या डब्यात बसतो. इंटेलच्या चार वायरींच्या पंख्यात पिवळी अधिक, काळी उणे. हिरवी आणि निळी मोकळी सोडली तर पूर्ण वेगाने फिरतो.

पेल्टियर लावून छोटा फ्रिज करायचा व्हिडिओ बघून येणाऱ्यांना मात्र काका परत पाठवतात. खेचलेली उष्णता आणि खाल्लेली वीज दोन्ही गरम बाजूवर येते. बारा व्होल्टची साठ-सत्तर वॅट वीज जाळून आपल्या उन्हाळ्यात पाण्याची एक बाटली धड थंड होत नाही. त्यापेक्षा माठ बरा.

जुने तुकडे जास्त मोलाचे का, हेही बघा. प्रेसकॉटच्या धगीसाठी इंटेलने उंच चक्र आणि मध्ये तांबं दिलं. २००६ नंतर प्रोसेसर थंड झाले तसं चक्र अर्ध्या उंचीचं झालं आणि पुष्कळ मॉडेलमध्ये मधलं तांबंही गेलं. म्हणजे सगळ्यात वाईट तापणाऱ्या प्रोसेसरने सगळ्यात चांगला धातू मागे ठेवला, आणि आज तोच पोत्यात आहे.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, तहसील, पंचायत समित्या. २००१ पासून या सगळीकडे टप्प्याटप्प्याने कॉम्प्युटर आले. केंद्राची शाळांची आयसीटी योजना २००४ ची, ग्रामपंचायतींचा संग्राम प्रकल्प २०११ चा. त्यातले बरेच आज कुठे आहेत? वापरात नाहीत, भंगारातही नाहीत. कुलूपबंद खोलीत आहेत. कारण ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या बोलीत डेडस्टॉक रजिस्टरवर, चढलेले आहेत. निर्लेखन झाल्याशिवाय ते उतरत नाहीत, आणि निर्लेखनाच्या फाइलवर सही करायला कोणाला हौस नसते. उद्या ऑडिट आलं तर? म्हणून मुख्याध्यापक बदलून जातात आणि चार्जच्या यादीत तोच मेलेला कॉम्प्युटर पुढच्याच्या नावावर होतो.

ई-कचऱ्याचे नियम देशात १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये नवे आले, मग २०२२ चे, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू. उद्देश चांगलाच आहे. बोर्ड जाळून तांबं काढणं, ॲसिडने सोनं काढणं, दिल्लीच्या सीलमपुरात आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत लोकांनी जी फुप्फुसं घालवली ती थांबवणं. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बोर्डात शिसं आहे, जुन्या मॉनिटरच्या काचेतही आहे. ते आपल्या गल्लीत फोडायची गोष्ट नाहीच. २०१६ च्या नियमांनी सरकारी विभाग, बँका, शिक्षणसंस्था यांना मोठे वापरकर्ते म्हणून गणलं आणि माल अधिकृत हातीच द्या असं बजावलं. २०२२ ला ही व्याख्या वर्षात हजार वस्तू वापरणाऱ्यांपुरती झाली. पण भीती राहिली ती राहिलीच.

आता गंमत बघा. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे काकांचं दुकान गुन्हा करत नाही. पण सरकारी शाळा त्यांना माल देऊ धजत नाही, कारण त्यांच्याकडे नोंदणीचा कागद नाही. वस्तू ज्याला वापरता येते त्याला ती मिळत नाही. ज्याच्याकडे कागद आहे तो दूरच्या शहरात, आणि तिथे ती सरळ वितळवली जाते. ॲल्युमिनियम वितळवून परत वापरलं तर खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, हे खरं. पण न वितळवता तसंच वापरलं तर ती उरलेली पाच टक्केही वाचते. आणि हीटसिंक हा तर कॉम्प्युटरमधला सगळ्यात निरुपद्रवी भाग. निव्वळ धातू. ना शिसं, ना ॲसिड.

आपल्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन आठवा. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर धावलं, १५ एप्रिल १९९४ ला उतरलं. सत्तर वर्षं. दुरुस्त्या करकरून चालवलं आपल्याच भागातल्या फिटरांनी. त्याच मातीत सात वर्षांचा कॉम्प्युटर खोलीत कुजतो. कारण दुरुस्ती येत नाही असं नाही, सही मिळत नाही.

मला सुचतं ते साधं आहे. निर्लेखन झालेले कॉम्प्युटर थेट लिलावात काढण्याआधी आयटीआय आणि तंत्रनिकेतनच्या कार्यशाळेत एक महिना ठेवा. मुलं हीटसिंक, पंखे, वीजपुरवठ्याचे डबे, स्क्रू वेगळे करतील. हातही शिकतील. हार्डडिस्क आधी काढून नष्ट करा, त्यात गावाची कागदपत्रं असतात. बोर्ड आणि मॉनिटर नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे कायद्याप्रमाणे जाऊ द्या. उरलेला धातू आणि पंखे मुलांच्या प्रात्यक्षिकाला आणि गावातल्या दुरुस्तीवाल्यांना पावती करून द्या. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक परिपत्रक लागतं.

पुढच्या महिन्यात मी आणि दोन-तीन मित्र जिल्हा परिषदेत निवेदन द्यायला जाणार आहोत. नुसतं निवेदन घेऊन गेलं की "बघतो" म्हणतात, म्हणून यादी घेऊन जायची आहे. तुमच्या गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, तालुक्याच्या कार्यालयात असे बंद कॉम्प्युटर पडले असतील तर खाली लिहा. गाव, तालुका, साधारण किती नग, कोणत्या वर्षीचे. कोणाचं नाव नको, कोणाची तक्रार करायची नाही. घाटंजी आणि झरी जामणीकडची माहिती माझ्याकडे अजिबात नाही, तिकडच्यांनी जरूर लिहा.

आणि हो, काकांनी निघताना मला एक चक्र दिलं, तांब्याचं. पैसे घेतले नाहीत. वावरातल्या दिव्याला लावलं आहे, कालपासून चालू आहे. बोट पाच सेकंद टेकवता येतं.